उन्हावरचा आळ

माझी बायको बारा वर्षं दिवसाउजेडी गच्चीवर गेली नाही. तिला ऊन बाधतं म्हणून. ऊन बाधतं हे तिला मी सांगितलं होतं आणि ते खरं नव्हतं. तिच्या चेहऱ्याचं जे झालं ते माझ्या हातून झालं होतं, आणि मी त्याचा आळ उन्हावर घातला. यंदाच्या चैत्रात मी तो परत घेतला. हे सगळं नीट लिहून ठेवावं असं वाटतं, कारण आमच्या नातेवाइकांत मी बायकोला फार जपणारा नवरा म्हणून ओळखला जातो, आणि ती ओळख मी इतकी वर्षं खाली मान घालून स्वीकारत आलो आहे.

जुन्या पनवेलमध्ये माझं मेडिकलचं दुकान होतं. फार्मसीचा डिप्लोमा फ्रेम करून भिंतीवर लावला होता, पण तो कुणी वाचत नसे. लोक मला डॉक्टरच म्हणत. “डॉक्टर, खाज काही थांबत नाय.” “डॉक्टर, आमच्या पोराचा खोकला बघा ना.” मी डॉक्टर नाही, असं मी एकदाही म्हटलं नाही. सुरुवातीला संकोच वाटायचा, मग सवय झाली, आणि मग आवडायला लागलं. उरणच्या एसटीतून उतरलेली माणसं, मोहल्ल्यातले दुकानदार, टोपलीतली भाजी संपवून परत निघालेल्या बायका, सगळ्यांना दवाखान्यात नंबर लावून बसण्यापेक्षा माझं काउंटर सोपं वाटे. मी दोन प्रश्न विचारायचो आणि एक ट्यूब द्यायचो. बहुतेकांना बरंही वाटायचं. ज्यांना वाटलं नाही, ते परत येऊन सांगत नसत. त्यामुळे माझ्या हाताला गुण आहे, असा माझाही समज झाला.

बायको उरणच्या बाजूच्या एका गावातली. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली, तिची बोली माझ्यासारखी झाली, पण थोरल्या बहिणीशी फोनवर बोलायला लागली की अजून ‘नाय’ आणि ‘हाय’ सुरू होतं. बहिणीला ती ‘बाय’ म्हणते. या दोघींचा एक नेम होता. दर चैत्रात बाय दोन पोती मिरच्या घेऊन आमच्याकडे यायची. तिच्या घराला चांगली गच्ची नव्हती. आमच्या इमारतीची गच्ची मोठी, आणि ऊन दिवसभर. चार दिवस दोघी जुन्या साड्यांवर मिरच्या पसरायच्या, उलथायच्या, देठं काढायच्या आणि बोलायच्या. गावातल्या कुणाचं काय झालं, कुणाच्या सुनेने काय केलं, कोण मेलं, कोण उगाच जगतंय. मग मसाला कुटून आणायचा, दोन घरांच्या बरण्या भरायच्या. मी दुकानातून जेवायला आलो की जिन्यातच मिरच्यांचा खाट नाकात शिरायचा आणि शिंकत शिंकत वर जाऊन बघायचो. दोघी डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसलेल्या असायच्या, चेहरे तांबूस, आणि मला बघून हसायच्या. कशाला हसताय विचारलं तर सांगायच्या नाहीत.

बायको छप्पन्न वर्षांची असताना तिच्या गालांवर वांग आले. दोन्ही बाजूंना तपकिरी डाग, सुपारीएवढे. त्याच वर्षी बायच्या मुलीचं लग्न निघालं.

“काहीतरी द्या ना,” ती आरशासमोरून म्हणाली. “मावशी मिरवणार आहे मांडवात. असं तोंड घेऊन?”

मी दुसऱ्या दिवशी दुकानातून एक ट्यूब आणली. तिच्यात तीन औषधं एकत्र असतात. एक रंग उतरवतं, एक कातडीचा वरचा थर सोलतं आणि तिसरं स्टिरॉइड असतं. त्वचेच्या डॉक्टरने थोडे आठवडे द्यायचं आणि बंद करायचं, असं ते औषध. खोक्यावर उभी लाल रेघ होती. चिठ्ठीशिवाय देऊ नये, याची ती खूण असते. ती रेघ काय सांगते हे मला पाठ होतं. पण ती ट्यूब गोरेपणासाठी सगळीकडे विकली जात होती, बायका नाव घेऊन मागायच्या, आणि मीही देत होतो. लोकांना देत होतो ती घरी आणली, एवढंच त्या वेळी माझ्या मनात होतं. वाईट हेतू नव्हता, असं लिहिण्याचा मोह होतो. नव्हताच. पण मी तिला माहितीपत्रकाचा कागद दाखवला नाही. खोकं फेकलं आणि नुसती ट्यूब दिली.

पंधरा दिवसांत गाल स्वच्छ झाले. लग्नात सगळ्यांनी विचारलं. बायको माझ्याकडे बोट करून म्हणाली, “घरात मेडिकल असल्याचा एवढा तरी फायदा!”

तीन वर्षं ती ती ट्यूब लावत होती. बंद केली की डाग परत यायचे, म्हणून पुन्हा सुरू. ट्यूब संपत आली की ती नुसती रिकामी ट्यूब माझ्या दुकानाच्या पिशवीत ठेवायची आणि मी नवी आणायचो. बोलायचीही गरज नसे.

मग एका दुपारी जवळच्या विचुंबे गावची एक बाई दुकानात आली. ती माझ्याकडून हीच ट्यूब न्यायची. तिचा चेहरा भाजल्यासारखा लाल होता, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या. हातात त्वचेच्या डॉक्टरचा कागद. ती भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “डॉक्टर, या मॅडमनी लिहिलंय की त्या क्रीमने असं झालं. तुमीच दिलेली ना, म्हणून विचारायला आले. आता काय लावू?”

मी कागद घेतला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की ही क्रीम बंद करावी. खाली आणखी काही लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही. माझे डोळे पहिल्या ओळीवरच होते आणि मनात फक्त आमच्या घरातल्या आरशाखालचा कप्पा होता. तिला म्हटलं, “मॅडम सांगतील तसं करा.” ती अजून काहीतरी ऐकायला थांबली, मग गेली. दुकानात होता तेवढा माल मी त्याच आठवड्यात परत पाठवला. ज्यांना आधी दिल्या होत्या त्यांना मात्र काही कळवलं नाही. त्या कोण होत्या, किती होत्या, आता आठवूनही सापडत नाही.

त्या दुपारी घरी आलो, तर ती झोपली होती. कप्प्यातली ट्यूब घेतली आणि तिच्या जागी साधी कोल्ड क्रीम ठेवली. संध्याकाळी सांगितलं, “कंपनीने ती बंद केली. हीच लाव आता.” ती म्हणाली, “बरं.”

खालच्या ओळी वाचायला हव्या होत्या. असली क्रीम तीन वर्षं लावल्यावर एकदम तोडायची नसते. दुसऱ्या सौम्य औषधावर आणून हळूहळू सोडवायची असते. त्या बाईच्या कागदावर तेच लिहिलं असणार. एवढी वर्षं औषधं विकणाऱ्या माणसाला ते माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही, पण भीतीने सुचलं नाही.

आठव्या दिवशी बाय मिरच्या घेऊन आली. दोघी सकाळी वर गेल्या. दुपारी बायको खाली आली ती दोन्ही हातांनी चेहरा धरून. डोळ्यांखालपासून हनुवटीपर्यंत लालभडक. पाण्याने धुतलं तर आग वाढली. बाय मागे मागे.

“अगो, मिरचीचा हात लावलास काय तोंडाला?”

“नाय गो बाय, हात कुठे लावला मी? ऊन लागलंय. ऊनच.”

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी त्या घरातला डॉक्टर. आणि मी म्हणालो, “ऊन बाधलंय. तुझी त्वचा नाजूक झाली आहे. आता उन्हात जायचं नाही.”

एवढंच वाक्य. ते बोलायला मला क्षणही लागला नाही. तिनेच शब्द दिला होता, मी तो उचलला.

पुढचे कित्येक महिने तिचे फार हाल झाले. मी ओल्या कपड्याच्या घड्या ठेवायचो, पंखा सरकवायचो, गॅसपुढे उभं राहावं लागू नये म्हणून पोळ्या शिकलो. त्वचेच्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. नेलं नाही, तिथे पहिला प्रश्न काय विचारतील ते मला माहीत होतं. हळूहळू आग कमी झाली. पण कातडी पातळ झाली, गालांवर बारीक लाल रेषा राहिल्या, आणि खरंच ऊन लागलं की चेहरा पेटायचा. म्हणजे माझं खोटं पुढे थोडंसं खरं झालं.

मग मी तिला जपायला लागलो. खिडक्यांना जाड पडदे. कपडे वाळत घालायला मी. भाजी आणायला मी. बाहेर जाणं सूर्य उतरल्यावर. सोबत छत्री, आणि ती धरणार मी. लोक म्हणत, “काका किती करतात हो काकूंचं!” ती हसून म्हणायची, “करतात खरं.”

पुढच्या चैत्रापासून बायने मिरच्या आपल्या अंगणात, जमेल तशा, एकटीने वाळवायला सुरुवात केली. एक बरणी आमच्याकडे पाठवायची. एका हळदीत तिने चारचौघींत म्हटलं, “आमची धाकटी आता सावलीतली झाली. मसाला मातर बरणीभर पायजे.” सगळ्या हसल्या. बायकोही हसली. घरी येताना रिक्षात मात्र तिने मान बाहेर वळवून ठेवली होती.

यंदा फाल्गुनात बायचा फोन आला. बायकोने स्पीकरवर लावला होता.

“डोल्याचं आपरेशन झालंय माझ्या. डॉक्टर म्हणतो, मिरचीत हात घालायचा नाय. तुझी गच्ची हाय, तू हायस. या वर्साला तू बघ. नायतर दुकानातला मसाला खाऊ दोघी.”

“बाय, मला ऊन...”

“तुझा ऊन ठाव हाय मला. बारा वर्सं ऐकतेय.” आणि फोन बंद.

बायकोने फोन खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अहो, हल्ली ते सनस्क्रीन मिळतं ना? मला सोसेल असं एक बघून द्या की. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.”

पुन्हा एकदा तिने माझ्याकडे ट्यूब मागितली होती. तिच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, भाचीच्या लग्नाआधी आरशासमोरून मागताना होता तो.

दुकान बंद करून मला सहा वर्षं झाली. मी नवीन पनवेलच्या एका मोठ्या मेडिकलमध्ये गेलो. तिथे सनस्क्रीनचं वेगळं कपाट होतं, वरपासून खालपर्यंत. जेल, लोशन, स्प्रे, काडीसारखी फिरवायची, काकडीची, लहान मुलांची. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “अंकल, ऑइली स्किन की ड्राय?” मी म्हटलं, “कोरडी. आणि नाजूक.” तिने मागे वळूनही न बघता एक ट्यूब समोर ठेवली. “हे घ्या, हे सगळ्यांना चालतं.”

हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेन! मी खिशातलं भिंग काढून खोक्यावरचं वाचायला लागलो. वास घातलेला होता. स्पिरिटचा एक प्रकार होता. दुसरं उचललं, तिसरं उचललं. मुलगी कंटाळली. “अंकल, इतकं कुणी वाचत नाही.” तिचं बरोबर होतं. मी काही न घेता घरी आलो आणि बायकोला म्हटलं, “त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊ.”

“एवढ्याशा गोष्टीला? मग तुम्ही कशाला आहात?”

“मी नाही सांगू शकत हे,” मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. असं मी पूर्वी कधी म्हटलं नव्हतं.

डॉक्टर तरुण बाई होत्या, आमच्या नातीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी दिव्याचं भिंग बायकोच्या गालावर टेकवून सावकाश बघितलं. एक गाल, दुसरा गाल, हनुवटी. मग खुर्चीत बसून विचारलं, “आजी, चेहऱ्याला कधी कुठली क्रीम लावत होतात? वांगासाठी, उजळण्यासाठी? बरीच वर्षं?”

“छे हो,” बायको म्हणाली. तिचा आवाज अभिमानाचा होता. “आमच्या यांचं मेडिकलचं दुकान होतं. असलं काही बाहेरचं लावूच दिलं नाही मला कधी.”

खरं तर तिला आठवत होती ती ट्यूब. पण ती तिच्या लेखी ‘असली’ नव्हती, ‘बाहेरची’ नव्हती. ती घरची होती.

डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं. मला वाटलं, आता त्या लिहितील आणि मग ते कायमचं तसंच राहील. मी म्हणालो, “लावली होती. तीन वर्षं. मी दिली होती.”

डॉक्टरांनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बंद कशी केली?”

“एकदम. हिला न सांगता मी ट्यूब बदलली. त्यानंतर आठ दिवसांनी चेहरा पेटला. मी हिला सांगितलं, ऊन बाधलं.”

बायको माझ्याकडे वळली नाही. समोरच्या भिंतीवर त्वचेच्या थरांचं चित्र होतं, त्याकडे बघत होती. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं, पण त्या तिच्याशीच बोलायला लागल्या, आणि ते पुढचं सगळं मी परीक्षेला बसल्यासारखं ऐकलं. आजी, तुमची त्वचा कोरडी आहे, पातळ झाली आहे आणि लगेच चिडते. तेलकट त्वचेची जेल असतात ती नकोत, झोंबतील. वास असलेलं काही नको. झिंक ऑक्साइडचं घ्यायचं, क्रीमच्या रूपातलं. ते त्वचेवर बसून ऊन परतवतं, आग करत नाही. तीस ते पन्नास एसपीएफ पुरे, त्याहून मोठ्या आकड्यामागे लागायचं नाही. फिकट तपकिरी रंग मिसळलेलं मिळतं, वांगाला त्याचा जास्त उपयोग आणि चेहरा राखेसारखा पांढराही दिसत नाही. दोन बोटांवर लांबच लांब रेघ काढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. उन्हात जायच्या वीस मिनिटं आधी. दोन तासांनी पुन्हा, घाम आला तर आधीच. आणि पहिल्यांदा कानामागे लावून तीन दिवस बघायचं.

“म्हणजे,” बायकोने विचारलं, “उन्हात गेलं तर चालेल मला?”

“सकाळी नऊपर्यंत आणि चारनंतर. लावून, डोक्यावर पदर घेऊन. चालेल ना. का नाही चालणार?”

“बारा वर्षांपूर्वीही चाललं असतं?”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. “पहिलं वर्ष जपावं लागलं असतं. नंतर चाललं असतं.”

घरी आल्यावर तिने चहा केला, दोघांचा. माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि आपला घेऊन खिडकीशी गेली. पडदा सरकवला. चार वाजून गेले होते, पश्चिमेचं ऊन सरळ आत आलं. तिने त्यात नुसता हात धरला, मनगटापर्यंत.

“चेहऱ्याचं सोडा,” ती म्हणाली. “तेव्हा मलाही गाल हवेच होते. तुम्ही नसती दिली तर मी दुसऱ्या दुकानातून आणली असती. पण उन्हाचं कशाला सांगितलंत?”

“बायला वाटलं मी काम चुकवते. चारचौघींत बोलली मला. मी हसले. मला वाटायचं, हिला कसं समजावू, माझं नशीबच असं.” तिने कप खाली ठेवला. “तुम्हाला माहीत होतं ना तेव्हा, त्या हळदीत?”

“माहीत होतं.”

“तरी रिक्षात माझ्या शेजारी बसला होतात.”

रडली नाही. मी माफ कर म्हटलं. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मग म्हणाली, “बायला तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर. मी सांगणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांनी लिहिलेल्या दोन्ही ट्यूब आणल्या, एक पांढरी आणि एक रंगाची. खोकी टेबलावर ठेवली. तिने हात लावला नाही. समोर खुर्ची ओढून बसली.

“वाचा.”

“काय?”

“सगळं वाचा. बारीक अक्षरातलंसुद्धा. आतला कागदही.”

मी भिंग घेतलं आणि वाचायला लागलो. कशाने बनलं आहे, किती टक्के, कुठे लावायचं, कुठे लावायचं नाही, डोळ्यांत गेलं तर काय, किती दिवसांत संपवायचं, कुठे ठेवायचं. इंग्रजी नावं आली की ती थांबवायची. “हे काय करतं?” मला जे माहीत होतं ते सांगितलं. जे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हटलं. तीन-चार ठिकाणी माहीत नाही म्हणावं लागलं. प्रत्येक वेळी ती नुसती मान हलवायची आणि म्हणायची, “पुढे.” पाऊण तास लागला. पन्नास वर्षांच्या संसारात मी तिला पहिल्यांदा एखाद्या औषधाचा कागद वाचून दाखवला.

तीन दिवस एका कानामागे पांढरी, दुसऱ्या कानामागे रंगाची. रोज सकाळी ती खिडकीत उभी राहून म्हणायची, “बघा, लाल झालंय?” मी चष्मा लावून बघायचो. झालं नव्हतं. चौथ्या दिवशी पांढरी चेहऱ्याला लावून बघितली तर भिंतीला चुना काढल्यासारखं दिसायला लागलं. ती आरशात बघून स्वतःच खुदकन हसली, आणि माझं लक्ष आहे हे कळल्यावर हसू आवरलं. रंगाची ट्यूब तिच्या गव्हाळ रंगात मिसळून गेली.

चैत्रात बाय आली. टॅक्सीत दोन पोती, डोळ्यांवर ऑपरेशनचा मोठा काळा गॉगल. जिन्याच्या वरच्या टोकाशी सावलीत खुर्ची टाकून तिला बसवलं, मिरच्यांपासून लांब. सकाळचे सात वाजले होते. बायको पदर घेऊन गच्चीच्या मधोमध गेली, साड्या अंथरल्या आणि पहिलं पोतं ओतलं. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

मी बायच्या खुर्चीपुढे पायरीवर बसलो आणि सांगितलं. ट्यूब, लाल रेघ, विचुंब्याची बाई, बदललेली क्रीम, आणि शेवटी ते एक वाक्य. गॉगलमुळे बायचे डोळे दिसत नव्हते.

“मंजे,” ती म्हणाली, “ऊन नव्हता.”

“नव्हतं.”

“नि ही कामचुकार नव्हती.”

“नव्हती.”

तिने गॉगल सारखा केला. मग गच्चीकडे तोंड करून ओरडली, “अगो ए! भावजींच्या तोंडाला मिरची लावू काय गो? बघू दे यांना पण, ऊन कसा बाधतो!”

“लाव,” बायको मिरच्या पसरता पसरता म्हणाली.

“बारा वर्सं! एकटी वालवतेय मी मिरच्या, नि हिला शिव्या घालतेय मनात. ती पापं कुनाच्या खात्यात गेली भावजी?” मग आवाज खाली आणून, जवळजवळ स्वतःशी, “माजी बहीन गो. घरात कोंडून बसलेली. नि मी तिला सावलीतली बोलले.” तिने गॉगलखालून बोट घालून डोळा पुसायला घेतला.

“बाय, डोळ्याला हात नाय लावायचा,” बायको तिकडून ओरडली.

“नाय लावत. तू बघ तुज्या मिरच्या.” आणि मला म्हणाली, “तुमी काय बसलाव? उठा. देठं काढा. दोन पोत्यांची. येका मानसाने.”

तीच शिक्षा झाली. नऊ वाजता बायको खाली उतरली, बाय खुर्चीतच डुलकी घेत राहिली, आणि मी जिन्याच्या सावलीत बसून देठं काढत होतो. दुपारपर्यंत बोटं पेटली. चार वाजता बायको पुन्हा वर आली, मिरच्या उलथायला. येताना ट्यूब आणली होती. बायने ती मागून घेतली आणि गॉगल वर करून उलटीसुलटी बघितली.

“मला पन लाव हे. चालंल काय गो मला?”

बायकोने माझ्याकडे बघितलं. माझ्या ओठांवर दोन वाक्यं आली होती. बायची त्वचा तेलकट, तिला हे जड होईल, दुसरं चालेल. मी म्हणालो, “मला नाही सांगता येणार. डॉक्टरांना विचारू. नेतो मी.”

“ऐकलंस?” बाय म्हणाली. “डॉक्टर बोलतो, डॉक्टरला विचारू!” दोघी हसल्या. कित्येक वर्षांनी ते हसणं गच्चीवर ऐकलं, आणि या वेळी कशाला हसल्या ते मला कळलं.

बायकोने स्वतः दोन बोटांवर रेघ काढून चेहऱ्याला लावली. मग पदर खाली करून ट्यूब माझ्यापुढे धरली. “मानेला मागे माझा हात पोचत नाही.”

मी हात पुढे केला.

“त्या हातांनी? आधी तेल चोळून धुऊन या. साबणाने. दोनदा.”

मी खाली गेलो. खोबरेल चोळून दोनदा धुतले, मग आणखी एकदा. वर आलो, तेव्हा ती उन्हाकडे पाठ करून उभी होती, मान किंचित पुढे झुकवून. तिथली कातडी अजून पूर्वीसारखी होती, जाड, सावळी, घामाने ओलसर. मी रुमालाने घाम टिपला आणि बोटांवर क्रीम घेतली.

“थांबा,” ती न वळता म्हणाली. “काय लावताय ते आधी सांगा.”

मी सांगितलं.